पुलापलीकडची बैठक

तिला अख्खं शहर ब्रेकमावशी म्हणायचं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो, हे तिथे शिकलेल्यांना ठाऊक असेल. मावशीचा पाय त्या ब्रेकला इतका सरावला होता, की जेवताना नवऱ्याने पाण्याच्या पेल्याकडे जरा झपाट्याने हात नेला तरी टेबलाखाली तिचा पाय दाबला जायचा. सिनेमाला तिच्या शेजारी बसायचं तर आपली पावलं आपणच सांभाळावी लागत. हे नाव ज्या विद्यार्थ्याने पाडलं, त्याला तिने आठवडाभर नुसता रिव्हर्स घ्यायला लावला. मनातून मात्र नाव तिला आवडलं होतं.

पूर्वी ती एका लाँड्रीची व्हॅन चालवायची. मग एक दिवस मनाचा हिय्या करून तिने एका बड्या कंपनीच्या ड्रायव्हिंग स्कूलची फ्रँचायझी घेतली. म्हणजे शाळा तिची, गाडी तिची, ओरडून ओरडून बसायचा तो घसाही तिचाच. नाव, पिवळा रंग आणि छपरावरची पाटी तेवढी कंपनीची. त्या नावापायी कंपनीला दर महिन्याला वाटा द्यावा लागे, त्यालाही तिची ना नव्हती. नाव चांगलं होतं आणि तिने ते आणखी चांगलं करून दाखवलं. त्या भागातल्या बस चालवणाऱ्या बायका, रुग्णवाहिकेचा चालक, पाव पोचवणारा टेम्पोवाला, सगळे तिच्याच हाताखालून गेलेले. चौकात कुणी नीट वळण घेतलं की ती नवऱ्याला कोपराने ढोसायची. "बघितलंत? आपलं पोर!" मग ते पोर पन्नाशीचं का असेना.

आणि एक दिवस कंपनीने तिच्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर, स्वतःची शाखा उघडली. तोच पिवळा रंग, तेच नाव, फी मात्र कमी. कंपनीचे विभागप्रमुख बारा महिने गळ्याला टाय आवळून असायचे, म्हणून त्यांना सगळे टायसाहेब म्हणत. सही घेताना "हा भाग फक्त तुमचा" असं तोंडभरून सांगणारे हेच. मावशी तणतणत त्यांच्याकडे गेली, तेव्हा त्यांनी फार गोड हसून सांगितलं, "मावशी, बाकी सगळे खूश आहेत हो. तुम्ही एकट्याच कुरकुर करताय."

हे तिला फार झोंबलं. खरं की खोटं, ते बघायची सोय नव्हती हे त्याहून वाईट. करारात एक कलम होतं, की फ्रँचायझीवाल्यांनी संघटना करायची नाही आणि कराराबद्दल आपापसात बोलायचं नाही. बोलले तर शाळा बंद. त्यामुळे लायसनच्या परीक्षेच्या मैदानावर पिवळ्या गाड्यांचे मास्तर रोज खांद्याला खांदा लावून उभे राहत आणि हवापाण्याच्या गप्पा मारत. त्यांच्यात एक मुकामास्तर होता. तो हवापाण्याबद्दलसुद्धा बोलत नसे.

नदीपलीकडे दुसरं राज्य होतं आणि दुसरे कायदे. तिथे मावशीचा थोरला भाऊ याच कंपनीची शाळा चालवायचा. सुट्टीच्या दिवशी तिने त्याच्यापाशी फोनवर मन मोकळं केलं, तर दादा म्हणाला, "मग बैठकीत विचार की सरळ."

"कसली बैठक?"

"आमची असते ना दर महिन्याला. सगळे फ्रँचायझीवाले जमतो. कायद्यानं हक्कच आहे, कंपनीला अडवता येत नाही. तुमच्याकडे नाही?"

कंपनी एक, रंग एक, करार छापणारा छापखानाही बहुधा एकच. मध्ये एक नदी, आणि तेवढ्यावरून भावाने घसा मोकळा करून बोलायचं आणि बहिणीने तोंडाला कुलूप लावून बसायचं! तिचं डोकं असं तापलं, की त्या दिवशी शेजारच्यांनी तिला साधं "कशा आहात" विचारायचंही टाळलं.

तिची एक जुनी विद्यार्थिनी वकील होती. कोर्टात भल्याभल्यांना पाणी पाजणारी ही वकीलबाई गाडीच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा आपटली होती. मावशीने तिला पास करूनच सोडलं. त्यामुळे मावशीसाठी ती काहीही करायला तयार असे.

"प्रत्येक ठिकाणचं वेगळं आहे, मावशी," ती म्हणाली. "काही देशांत कायदा एवढंच सांगतो, की सही घेण्याआधी कंपनीनं सगळं खरं खरं सांगायचं आणि माणसाला विचार करायला वेळ द्यायचा. काही ठिकाणी त्याच्याही पुढे गेलेत. सबळ कारणाशिवाय कुणाचा धंदा काढून घ्यायचा नाही, म्हणतात. कुठे कंपन्यांनीच स्वतःला नियम घालून घेतलेत आणि पाळतात का तेही स्वतःच बघायचं, म्हणजे बघा आता! पलीकडे एकत्र यायचा हक्क आहे. तोही काही आभाळातून पडला नाही. तिथले फ्रँचायझीवाले दुकानदार वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा मिळाला."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे सही केली की संपलं. विधेयकाचा एक मसुदा विधिमंडळाच्या समितीपुढे पडलाय, धूळ खात."

"मग आम्ही सगळे पलीकडे जाऊन बसतो."

वकीलबाईने कपाळावर हात मारला. "अहो, कायदा असा चालत नाही! करार इथला आहे. चहा कुठल्या काठावर प्यायलात, त्यानं काय फरक पडणार?"

"ते कळतंय गं मला. पण इथे कुणाची बोलायची छाती नाही. तिथे निदान जीभ तरी सैल होईल."

मैदानावर हातवारे करत, वळणाची खूण समजावतेय असं भासवत, मावशीने एकेकाच्या कानावर घातलं. सगळे तयार झाले. अट एकच, की या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. ठरलेल्या सकाळी जो तो घरी वेगवेगळी थाप मारून निघाला. एकाने तर काळा चष्मा चढवला होता. आणि मग त्यांनी अशी चूक केली, जी गाडी शिकवणाऱ्यांच्याच हातून व्हावी. सगळे आपापल्या पिवळ्या गाडीत बसून आले. छपरावर पाटी, पाटीवर कंपनीचं ठसठशीत नाव, खाली फोन नंबर. दुसरी गाडी होती कुणाकडे?

पुलावर मावशीने आरशात पाहिलं. मागे पिवळी रांग! त्यात सगळे मास्तर. कुणी वेगमर्यादा ओलांडेना, कुणी ओव्हरटेक करेना, दोन गाड्यांत पुस्तकात लिहिलंय तेवढं अंतर. मागे अडकलेले लोक हॉर्न वाजवून वाजवून थकले. पुलाच्या टोकाला पोलिसाने विचारलं, "मावशी, मिरवणूक कसली ही?"

"प्रात्यक्षिक आहे," मावशी बेधडक म्हणाली.

दादाच्या वर्गात, रस्त्यावरच्या खुणांच्या तक्त्यांखाली सगळे बसले. बराच वेळ नुसतं खाकरणं चाललं. शेवटी मावशीच म्हणाली, "मला टायसाहेब म्हणाले, बाकी सगळे खूश आहेत, तुम्ही एकट्याच कुरकुर करताय."

काळ्या चष्म्यावाला हळूच म्हणाला, "मलाही हेच म्हणाले."

"मला पण."

"अगदी हेच शब्द!"

मुकामास्तराने हातातला कप खाली ठेवला. "मला दोनदा म्हणाले."

सगळे इतके हसले, की दादाला खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. हसता हसता एकीने डोळे पुसले. तिच्याही शाळेसमोर कंपनीने शाखा उघडली होती, आणि आपलंच शिकवणं कमी पडतंय असं समजून ती इतके दिवस मनातल्या मनात कुढत बसली होती.

पुलावरच्या त्या रांगेचा फोटो कंपनीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. टायसाहेबांनी एकेकाला बोलावून विचारलं, बैठक कुणी भरवली? एकानेही नाव घेतलं नाही. मावशीची पाळी आली तेव्हा तिने प्रश्न पुरा होऊच दिला नाही. "मी भरवली. माझ्या भावाकडे. आणखी काही?"

बैठक भरवली म्हणून एकट्या मावशीची शाळा बंद करायचा हुकूम आला. पाटी उतरवा, पिवळा रंग काढा. तिचे यजमान चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. ते बाही वर सारून अंगणात गाडी घासायला बसले. उभी हयात जिच्यात घातली ती शाळा अशी खरवडून निघताना बघून मावशीला रडू आवरेना.

"रड," ते म्हणाले, "पण रंग पांढरा देणार, आधीच सांगून ठेवतो. तो पिवळा मला कधीच आवडला नव्हता."

आता आशा एकच होती. कायदा झाला, तर कदाचित शाळा परत मिळेल. वकीलबाईने खटपट करून समितीला धूळ झटकायला लावली आणि मावशीला साक्षीला नेलं. सदस्यांसमोर देशोदेशींच्या कायद्यांचे गठ्ठे होते. त्यांतले एक वयस्कर सदस्य वैतागून म्हणाले, "बाई, दर ठिकाणी वेगळं. आम्ही धरायचं तरी कुणाचं?"

मावशी खुर्चीत पुढे सरकली. "साहेब, गाडी कुठे डावीकडून चालवतात, कुठे उजवीकडून. तुम्ही ठरवाल तसं आम्ही शिकवू. पण लाल दिव्याला सगळीकडे थांबतात. माणसानं माणसाशी बोलायचं नाही, असं लिहून घेणाऱ्या कंपनीला थांबवा. तेवढा एक लाल दिवा लावा. बाकीचं तुम्हाला जमेल तसं करा."

खिडकीशी बसलेल्या सदस्यबाईंनी विचारलं, "खाली त्या पिवळ्या गाड्या कसल्या?"

मावशी खिडकीपाशी गेली. विधिमंडळाच्या रस्त्याला तिचे सगळे जोडीदार एका ओळीत गाड्या लावून उभे होते. पाट्या पुसून लख्ख केलेल्या, फोन नंबर लांबूनही वाचता येत होते. या वेळी पिवळ्या गाड्या चुकून नव्हे, मुद्दाम आणल्या होत्या. मावशीचा ऊर भरून आला. "आमचे आहेत," एवढंच ती म्हणाली.

कायदा झाला. ही बातमी घेऊन आलेली वकीलबाई मात्र दारातच चुळबुळत राहिली. "फ्रँचायझीवाल्यांना जमता येईल. स्वतःचा प्रतिनिधी निवडता येईल. कंपनीला जबाबदार माणूस पाठवून त्यांचं ऐकावंच लागेल. चालू असलेल्या सगळ्या शाळांना लागू. पण आधी बंद झालेल्या..."

"परत नाही मिळणार."

"नाही, मावशी."

"यापुढे कुणाची बंद होईल?"

"बोलल्याबद्दल तरी नाही."

"मग आत ये. चहा टाकते."

वकीलबाई गेल्यावर ती पांढऱ्या गाडीत एकटीच बराच वेळ बसून राहिली. फार वाईट वाटलं तिला, खोटं कशाला बोला. पण त्याच गाडीवर यजमानांनी ऐटबाज अक्षरांत तिचं टोपणनाव रंगवलं, कंपनीशिवाय तिचं स्वतःचं शिकवणं सुरू झालं, आणि शिकायला येणाऱ्यांची रीघ काही थांबली नाही.

नदीच्या या काठावरची पहिली कायदेशीर बैठक वाचनालयाच्या खोलीत भरली. मावशी दारातूनच डोळे भरून बघावं म्हणून आली होती. कायद्याने यावं लागल्यामुळे टायसाहेबही आले होते. ते उठून म्हणाले, "माफ करा मावशी, ही बैठक फ्रँचायझीधारकांची आहे. तुम्ही आता त्यांच्यात नाही."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मावशी माघारी वळली.

"थांबा," मुकामास्तर म्हणाला. सगळ्यांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. "आम्ही आमचा प्रतिनिधी निवडायचा, असं कायद्यात आहे. त्याच्याकडे कंपनीची शाळा असलीच पाहिजे, असं नाही. मी वकीलबाईंना विचारून आलोय. आम्ही मावशींना निवडलंय. सगळ्यांनी."

एकेक हात वर गेला. काळ्या चष्म्यावाल्याने टायसाहेबांच्या समोरची खुर्ची मागे ओढली आणि हाताने पुसली. मावशी पदवी घ्यायला चालावं तशी त्या खुर्चीपर्यंत चालत गेली. आयुष्यात इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता, आणि तो लपवायचं तिच्या मनातही आलं नाही.

टायसाहेबांनी घसा साफ केला. "बोला, मावशी."

"बोलते," ती म्हणाली. "पण नीट ऐका, साहेब. आता मी सगळ्यांच्या वतीनं बोलतेय."