शाल ठेवा, इंजिनं उघडा

उज्ज्वलाताई माझ्या मोटरसायकलवर मागे बसली की रस्ता सोडून शेतं बघायची. मलकापूरला जाताना तिचं चालूच असायचं, "इथं उतरता येतंय. इथं न्हाय, तारा हायत." उभा ऊस दिसला की बजावायची, "वरनं गादीगत दिसतोय. पण चाकं गुंतली की विमान पालथं!" शिवाजी पेठेतली ही आमची शेजारीण एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेत पोरांना छोटी विमानं उडवायला शिकवायची.

एका सकाळी तिच्या विमानाचं इंजिन हवेतच बंद पडलं. शेजारी शिकाऊ मुलगी. घाबरून विमानाचं नाक वर ओढू लागली. ताईनं तिच्या हातावर चापट मारली. "सोड! नाक वर केलंस की वेग जातोय, आन् वेग गेला की आपण दगडागत खाली." नाक खाली, वेग राखून तिनं विमान तरंगत आणलं. गुऱ्हाळाच्या धुरावरून वारा ओळखला आणि तोडणी झालेल्या रानात, सरीला धरून चाकं टेकवली. दोघींना खरचटलंसुद्धा नाही.

मग आम्ही कोल्हापूरकरांनी काय केलं? फलक लावला, 'जोतिबाच्या कृपेने बचावल्या!' संस्थेच्या मालकांनी सत्कार ठेवला. इंजिन मधेच खोकतंय, हे ताई कितीदा सांगून थकली होती. त्याबद्दल अवाक्षर नाही! उलट तशीच देखभाल असलेली बाकीची विमानं पोरांना घेऊन रोज उडतच होती. पोरांच्या जिवावरचा धंदा, दुसरं काय?

मालक शाल घेऊन पुढे आले. "ताई, देवानं राखलं."

"देवाला कशाला मधी ओढताय? इंधनाची नळी चिरली व्हती. ती बघायचं काम त्याचं न्हाय, तुमचं हाय. शाल ठेवा, बाकीची इंजिनं उघडा."

"अहो, कार्यक्रमात असं बोलत्यात व्हय?"

"मग कवा बोलू? मयतात?"

समोरचे पालक उठले. इंजिनं उघडल्याशिवाय कुणी लेकरू पाठवेना. शेवटी उघडली. आणखी एका विमानाची नळी चिरलेली निघाली.

ताईला बेशिस्तीबद्दल कामावरून काढलं, आणि संस्थेच्या फाटकावर नवा फलक चढला, 'सुरक्षितता हाच आमचा ध्यास'. दुसऱ्या राज्यात नोकरीला निघालेल्या ताईला स्टँडवर सोडताना मी म्हणालो, "फाडतो बघ तो फलक."

"फाडू नगंस. त्याच्याखाली उभा ऱ्हा आन् तपासणी झाली का इचार."

मी दर सोमवारी जातो. परवा रखवालदारानं हटकलं, "पावणं, तुमचं कोण शिकतंय हितं?"

"समदीच," मी म्हणालो. "मालकांना बोलवा."