कठड्यापाशी कोण रडलं?

किनाऱ्याची सहल घडवणाऱ्या बसवर भोंगाकाका गाईड होते. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कुणाला तरी आठवायचं. आवाज असा, की माईक बंद पडला तरी मागच्या बाकावर डुलक्या घेणारा दचकून जागा व्हायचा. सकाळी बंदरावरचा मासळीचा लिलाव, मग दीपगृह, मग खाडीतले पक्षी, दुपारी कड्यावरचा कठडा आणि शेवटी शिंपल्यांची पुळण, हा त्यांचा ठरलेला रस्ता. माहिती खरीच सांगायचे, फक्त तिला वरून थोडं तिखटमीठ लावायचे. दीपगृहाचा जुना रखवालदार वादळात दिवा धरून रात्रभर उभा राहिला, ही त्यांची आवडती गोष्ट. सुरुवातीला तो नुसता उभा असायचा. पुढे पुढे तो एका पायावर उभा राहायला लागला.

पण काकांचा खरा हातखंडा कठड्याच्या गोष्टीत. खाली खवळलेला समुद्र, वर भन्नाट वारा, आणि माणसं कठड्याला रेलली की काका आवाज जरा जड करायचे. याच ठिकाणी एका तरुणीने एका देखण्या तरुणाला मागणी घातली म्हणे. तो काही केल्या बधेना. शेवटी तिने रडून रडून जीव नकोसा केला, तेव्हा कुठे त्याला दया आली. इथे काका थांबायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "तो तरुण आज तुमच्यासमोर उभा आहे." मग टाळ्या, मग फोटो. लग्न ठरलेली जोडपी तर खास त्या कठड्यासाठी यायची.

ज्या तरुणीने रडून जीव नकोसा केला होता, ती घरी पुढच्या खोलीत मशीनवर शाळेचे गणवेश शिवत असायची. काकूंना या गोष्टीचा पत्ताच नव्हता. सहलीचा हंगाम आणि गणवेशांचा हंगाम एकाच वेळी येई, त्यामुळे नवऱ्याच्या बसमध्ये बसायचा योग कधी आलाच नाही. काकांनीही तो येऊ दिला नाही, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

यंदा लेकीने आईच्या वाढदिवसाला गुपचूप तिकीट काढलं. काकू पांढरी टोपी घालून सगळ्यात मागे खिडकीशी बसल्या. लिलावात काकांनी त्यांना पाहिलं नाही. दीपगृहापाशी ते नेहमीप्रमाणे रखवालदाराचा एक पाय उचलायला गेले आणि त्यांची नजर टोपीखालच्या ओळखीच्या चेहऱ्यावर पडली. रखवालदाराने तिथल्या तिथे दोन्ही पाय टेकले.

पक्षी बघून झाल्यावर काका ड्रायव्हरच्या कानाशी लागले. आज वारा फार आहे, कठडा राहू दे, थेट पुळणीवर घे. ड्रायव्हर त्यांच्यासोबत इतकी वर्षं काढलेला, शिवाय त्यानेही मागे कोण बसलंय ते पाहिलं होतं. असा दिवस पुन्हा येणार नव्हता. त्याने मुकाट्याने गाडी कड्याकडे वळवली.

सगळे उतरून कठड्याशी गोळा झाले. काकांनी समुद्राची खोली सांगितली, दगडाचा प्रकार सांगितला, दूरच्या जहाजाबद्दलही बोलून घेतलं. शेवटी एक नवी नवरी म्हणाली की ती मागणीची गोष्ट राहिली, तिच्या मैत्रिणीने ती मुद्दाम ऐकायला सांगितलंय. काकांनी ती गोष्ट एका दमात, अंगावरची पाल झटकावी तशी सांगून टाकली. देखणा हा शब्द गाळला. रडणं मात्र राहून गेलं, कारण ते तोंडात बसलेलं होतं.

काकूंनी हात वर केला.

"गाईडसाहेब, ती मुलगी रडली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तसं ऐकिवात आहे," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला कुणी कधी ऐकला नव्हता.

मग काकूंनी टोपी काढली आणि खरी हकिगत सांगितली. देखणा तरुण भावाचे बूट घालून आला होता आणि ते चावत होते म्हणून लंगडत होता. लग्नाचं विचारायला आला, पण बराच वेळ दीपगृहाचीच माहिती देत राहिला. अखेर काहीतरी पुटपुटला. वाऱ्यात तिला ऐकू आलं नाही, म्हणून तिने काय म्हणून विचारलं. तो पुन्हा पुटपुटला, तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा मात्र तो असा ओरडला, की खाली होड्यांत जाळी आवरणारे कोळी वर बघायला लागले. त्यातल्याच एकाने खालून ओरडून सांगितलं, "अगं, हो म्हण त्याला, नाहीतर मासे पळतील."

"मला हसू आवरेना," काकू म्हणाल्या. "डोळ्यांत पाणी आलं ते हसून. आणि त्याला वाटलं मी नाही म्हणतेय, म्हणून तोच रडायला लागला."

हसताहसता नव्या नवरीला कठड्याचा आधार घ्यावा लागला. ड्रायव्हर तर बसच्या चाकाशी बसूनच राहिला. बाकीचे टाळ्या पिटत होते. काका जहाजाकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते, पण ओठांचे कोपरे हळूहळू वर चढायला लागले होते. इतक्या टाळ्या त्यांच्या गोष्टीला कधी पडल्या नव्हत्या, हे त्यांच्यातल्या गाईडला नाकारता येईना.

पुळणीवर सगळे शिंपले वेचायला पांगले. काका काकूंच्या शेजारी वाळूत येऊन बसले आणि म्हणाले, "अगं, तू याआधी कधी यायचं म्हणाली नाहीस."

"तुम्ही तरी कधी विचारलंत?"

काका उठले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हात पुढे केला. पाण्यात पाय भिजवत दोघं पुळणीच्या दुसऱ्या टोकाला निघाली. भरती-ओहोटीची माहिती त्यांच्या अगदी ओठांवर आली होती. काकूंनी एकदाच वळून पाहिलं, तशी त्यांनी ती गिळून टाकली.