सासऱ्यांना ओलांडताना

जादिराचं बूड कधी एका जागी टिकलं नाही. घरी पाहुणे बसलेले असोत, ही तळलेल्या बाउर्साकांची परात पुढे सरकवतेय आणि खाली गुडघा हलतोच आहे. अल्माटीत एका औषधांच्या दुकानासाठी ती मोटारसायकलवरून घरोघरी औषधं पोचवायची. दिवसभर शहर पालथं घालूनही भागायचं नाही, म्हणून संध्याकाळी शहराबाहेर कापचगायच्या सरळ रस्त्यावर पोरांशी शर्यत लावायला हजर. तिथे तिला मागे टाकणारा अजून जन्मायचा होता. मग एकदा पोलिसांनी धरलं. नवरा पंधरा-पंधरा दिवस तेलविहिरींवर असायचा, त्यामुळे सोडवायला आले ते सासरे.

"औषध द्यायला निघाले होते, पापा."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस, पोरी? किती पळवलीस?"

"एकशे नव्वद."

"सरळ रस्त्यावर गाढवही पळतं. हिंमत असेल तर ट्रॅकवर ये. रस्त्यावर पुन्हा दिसलीस, तर गाडीची चावी माझ्याकडे."

सासरे सेयिलखान स्वतः तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यती धावलेला माणूस. साठी उलटली तरी खाज जिरली नव्हती.

ट्रॅकवर जादिराची सगळी मिजास पहिल्याच दिवशी उतरली. रस्त्याची सवय हाडात मुरलेली. डोळे खड्डे शोधायचे, बोटं ब्रेक सोडायची नाहीत, कुठून तरी मोटार आडवी येईल ही धास्ती वळणावळणाला. पन्नाशीची एक जाडजूड शाळामास्तरीण तिला बाहेरून वळसा घालून निघून गेली. जादिरा घरी येऊन रडली आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेली. असे दोन उन्हाळे गेले. शर्यतीच्या नावनोंदणीला शिफारस कोणाची विचारलं, तर सून सासऱ्यांचं नाव तोंडाने घेणार कशी? तिने त्यांच्याकडे बोट दाखवलं. "बोट कसं लिहू, बाई?" कारकुनीण वैतागली, आणि सासरे पोट धरून हसले.

सप्टेंबरात हौशींची मोठी शर्यत आली. दुपारच्या शर्यतीतल्या पहिल्या तिघांना वसंतातल्या राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळणार होती. जादिराला ती हवी होती. सेयिलखानांनाही हवी होती; तरुणपणी त्यांची एकदा हुकली होती, आणि ते अजून विसरले नव्हते.

सकाळची शर्यत फक्त दुपारी कोणी कुठे उभं राहायचं हे ठरवायला. तीत सासरे तिसरे धावत होते आणि जादिरा त्यांच्या मागच्या चाकाला चिकटलेली. नवव्या वळणावर आत जागा होती. प्रत्येक फेरीत होती. पण आत शिरायचं म्हणजे त्यांना आडवं जायचं. वडीलधाऱ्यांच्या समोरून सुनेने आडवं जायचं नाही, हे आईने लग्नाआधी शंभरदा बजावलेलं. दर फेरीला तिथे मनगट आपोआप सैल पडायचं. हेल्मेटच्या आत ती स्वतःला शिव्या देत होती. आठ फेऱ्या अशाच गेल्या. ती चौथी आली.

सासऱ्यांनी प्रत्येक वळणाच्या वेळांचा कागद मागवला. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले.

"हे काय? नऊ नंबरच्या वळणावर दर वेळी गाडी ढिली सोडलीस?"

जादिरा हातमोजे काढू लागली.

"तिसरा नंबर मला वाढलास? ताटात मांस वाढतात तसा? मी भिकारी आहे काय?"

"तुमच्या समोरून कशी जाऊ, पापा?"

"माझ्या घरात जाऊ नकोस! इथे मी फक्त सतरा नंबर. दुपारी मागे राहिलीस तर तुझं तोंड पाहणार नाही."

दुपारी उन्हात डांबर तापलं होतं. सहा फेऱ्या ती पुन्हा त्यांच्या मागेच राहिली. सातव्या फेरीला नवव्या वळणावर तिने डोळे सतरा नंबरावरून काढून वळणाच्या शेवटावर ठेवले आणि आत घुसली. दोन गाड्यांत वीतभर अंतर राहिलं असेल. ते मागे पडले, आणि पुन्हा पुढे आले नाहीत.

ती तिसरी आली. लोक पाठीवर थापा मारत होते, पण तिची नजर सासऱ्यांना शोधत होती. ते गाडी ढकलत सावकाश आले. हेल्मेट काढलं तेव्हा चेहरा राखेसारखा दिसला.

"पापा, तुम्ही जरा हात आखडला ना? मला जाऊ दिलंत ना?" ते हो म्हणाले असते तर तिला फार बरं वाटलं असतं.

"नाही, पोरी. होता नव्हता तेवढा जोर लावला."

जिंकल्याचा आनंद होता, आणि तो होता याचीच तिला लाज वाटत होती.

"पण वसंतात तुम्ही याल ना?"

"येईन की. तुझी चाकं बदलायला कोणी नको?" असं म्हणून ते पाना घेऊन तिच्या गाडीपाशी गुडघ्यांवर बसले. सासरे आपल्यासमोर जमिनीवर बसलेले पाहून, उठा, मी करते, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि गाडी घट्ट धरून उभी राहिली.