विनूचा काळा स्पंज

माझ्या भावाचे मासे मी मारले.

विनूला जाऊन आज महिना झाला. सगळे स्टेटसला त्याचे हसरे फोटो ठेवतायत, आणि मला हेच लिहावंसं वाटतंय.

तो गेला तेव्हापासून मी अकोल्यात, जठारपेठेत त्याच्याच घरी होते. स्मिता, त्याची बायको, कोणाशी बोलत नव्हती. चहा पुढ्यात तसाच थंड व्हायचा. फक्त सकाळ-संध्याकाळ उठायची, विनूच्या छोट्या टाकीतल्या माशांना खायला घालायची आणि परत जाऊन पडायची.

तेवढ्यासाठीच ती उठत होती. मला दिसत होतं ते.

तेरवी आली. आपल्याकडे तेरवीच्या आधी सुतक फेडायला अख्खं घर धुऊन काढतात. आणि साफसफाई म्हटली की मी कशी आहे ते तुम्हाला माहीतच आहे. पडदे, चादरी, पंखे, काही सोडलं नाही.

मग नजर टाकीतल्या फिल्टरवर गेली.

विनूने घरीच बनवलेला. पाण्याची बाटली कापून त्यात विटेचे तुकडे, वर स्पंज, मधून एअर पंपाची नळी. स्पंज काळाकुट्ट झालेला.

पाहुणे काय म्हणतील?

काढला. विटेच्या तुकड्यांसकट गरम पाण्यात बुडवला, ब्रशने घासला, नळाखाली धरला. पिवळाधमक निघाला. मला चक्क बरं वाटलं.

तेरवी झाली आणि एकेक मासा तरंगायला लागला. एक काळी मॉली तेवढी उरली. तीही वर येऊन तोंड उघडत होती.

वाईट याचं वाटतं की विनूने मला सांगितलं होतं.

"ताई, तो मळ नाही व्हय. त्याच्यात बारीक जीव असतात, तेच पाणी साफ करून राहिले. धुवाचा झाला त टाकीतल्याच पाण्यात खंगाळजो."

"सरळ सांग ना, आळस येते तुले."

हसला होता तो. मी मोठी. लहान भावाचं ऐकायची सवय मला कधी लागलीच नाही.

स्मितासमोर रडले, तर उलट तीच म्हणाली, "ताई, कावून रडून राहिल्या तुमी? मासेच त होते."

त्या संध्याकाळी ती उठली नाही. मॉलीला मीच खायला घातलं.

अमरावतीला, राजापेठेत घरी परतले तर समोर माझी टाकी. तीही विनूनेच लावून दिलेली, फिल्टरही तसाच. साफ करायचा तर तोच येऊन करायचा, म्हणून माझ्या हातून वाचलेला. ती लावताना विनू आपल्या स्पंजचा तुकडा कापून, टाकीच्या पाण्यात बुडवून एसटीने घेऊन आला होता.

"माह्या टाकीतले जीव देऊन राहिलो तुले. सांभाळजो."

काल त्याच स्पंजचा अर्धा तुकडा कापला. डब्यात टाकीचं पाणी घेतलं, त्यात तो ठेवला आणि डबा मांडीवर धरून अकोल्याची बस पकडली.

स्मिताला सगळं सांगितलं. मी काय धुतलं तेही. ती त्या काळ्या तुकड्याकडे बघत राहिली.

"यांच्या हातचा हाय हा?"

"हो."

तिनेच तो बाटलीत बसवला.

संध्याकाळी ती उठली. मॉलीला खायला घातलं. मग म्हणाली, "ताई, चहा ठेवता का? मी बी घेतो."

विनू, बाकीचे मासे काही परत येत नाहीत रे. श्रद्धांजली तुला सगळ्यांनी वाहिली, माझ्याकडून फक्त माफी घे.

जा बाबा सुखाने. टाकीला आता हात लावत नाही मी.