डावीकडे ओढणारी गाडी

गाडी डावीकडे ओढते हे मी घरात पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा सासरे चहा पीत होते. त्यांनी कपसुद्धा खाली ठेवला नाही. "हात पक्का नसला म्हंजे वढते," म्हणाले, आणि उरलेला चहा संपवला.

गाडी म्हणजे आमची जुनी जीप-पिकअप. माझ्या जन्माच्याही आधीची. कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावातून सासऱ्यांनी ती आणली, पुढे तिचं इंजिन बदललं, मागचा हौदा बदलला, रंग तर किती वेळा बदलला ते त्यांनाही आठवत नाही. पुढचा सांगाडा मात्र तोच राहिला. कारंज्याच्या बाजारात उभी केली की एखादा शहरी पाहुणा तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेतो. त्याला ती गंमत वाटते. आम्हाला तिच्यातून रोजचा भाजीपाला न्यायचा असतो.

तिच्या पुढच्या दोन्ही चाकांवर पाटे आहेत. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, वरची सगळ्यांत लांब, खालच्या आखूड होत गेलेल्या, आणि सगळ्यांना एकत्र ओवून धरणारा एक बोल्ट. वजन पडलं की पाटे दबतात, खड्डा ओलांडला की परत उठतात. अख्खा पुढचा धुरा त्यांनाच यू-बोल्टांनी आवळलेला असतो. म्हणजे पाटा जिथे धरेल तिथे चाक.

आमचा मळा इंझोरीच्या रस्त्याला लागून. वांगी, टमाटे, मिरची आणि सांबार. सांबार म्हणजे बाकी महाराष्ट्राची कोथिंबीर. नवरा वाशीमला नोकरीला, रविवारचा येतो. सासऱ्यांना पहाटे समोरून येणाऱ्या गाड्यांचा उजेड सहन होत नाही. माझ्या माहेरी ट्रॅक्टर होता आणि बाप शिकवणारा होता, म्हणून चार वर्षं बाजाराची गाडी मीच नेत होते. या चार वर्षांत मी ती कुठे घासलीसुद्धा नाही. हे मीच सांगते आहे, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

मागच्या हिवाळ्यात डाव्या पाट्याची एक पट्टी तुटली. मी तेव्हा भाचीच्या बारशाला माहेरी गेलेली. सासरे डोळे तपासायला मानोऱ्याला जाणारच होते, सासूबाई सोबत होत्या, सासऱ्यांनी गाडी हळूहळू नेली आणि तिथल्या पाटेवाल्याकडून काम करून आणलं. मी परत आले, पहिल्याच पहाटे टमाटे भरून निघाले, आणि स्टिअरिंग हातात धरल्याबरोबर कळलं की हिचं काहीतरी बिनसलंय. सरळ रस्त्यावरसुद्धा तिला सारखं उजवीकडे धरून ठेवावं लागत होतं. ब्रेक दाबला की ती डाव्या अंगाला पळत होती.

मी तीनदा सांगितलं. पहिल्यांदा तो चहा झाला. दुसऱ्यांदा म्हणाले, "मानोऱ्याहून मीच आनली न गाडी? मले तं नाही वढली." तिसऱ्यांदा नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "बाबांचं वय झालं, तू कशाला वाद घालतेस." मी वाद घालत नव्हते, गाडीबद्दल सांगत होते. पण आमच्या घरात बाईने यंत्राबद्दल काही सांगितलं की तो वादच ठरतो.

चौथ्या दिवशी नाल्यावरच्या रपट्याच्या अलीकडे समोर एकाएकी म्हैस आली. मी ब्रेक मारला. म्हैस वाचली, मी वाचले, गाडी मात्र डावीकडे सरकून नालीत कलंडली आणि टमाट्याचे अकरा कॅरेट चिखलात गेले. लोक जमले, दोर लावून गाडी काढली. त्यांतल्या एकानेही विचारलं नाही की काय झालं. सगळ्यांना ते आधीच माहीत होतं.

त्या दुपारी ओसरीवर सासऱ्यांचे नेहमीचे चार सोबती बसले होते. मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा सासरे त्यांना सांगत होते, "बाईच्या हाती गाडी देली, हेच चुकलं आपलं." चौघांनी माना हलवल्या. मी ट्रे ठेवला आणि आत आले. अंगाचा असा तिळपापड झाला होता की कप माझ्या हातून फुटले नाहीत याचंच नवल. दुसऱ्या दिवसापासून गावातला एक ड्रायव्हर बाजाराला जायला लागला आणि मी फक्त कॅरेट भरायला उरले.

आता ऐका. त्या ड्रायव्हरने पहिल्याच आठवड्यात गाडी आमच्याच फाटकाच्या डाव्या खांबाला घासली. त्याने खाली उतरून सांगितलं, "काका, गाडी डावीकडं वढून राह्यली." तेच चार सोबती, तीच ओसरी. आणि सासरे म्हणाले, "जुनी गाडी हाय बापा. तोंड वाकडं करतेच. तू सांभाळून घेतली." मी दारामागे उभी होते. मी सांगितलं तर माझा हात कच्चा, त्याने सांगितलं तर गाडी जुनी. तो बिचारा भला माणूस, त्याचा काही दोष नव्हता, पण त्या क्षणी मला त्याचाही राग आला. मला गाडी परत हवी होती. आणि नालीत गाडी मी घातली नाही, हे त्या चौघांना कळायला हवं होतं.

शनिवारी बाजार बंद असतो. सासरे जऊळक्याला एका लग्नाला गेले. मी सुतळी घेतली आणि गाडीपाशी गेले. भाजीचे वाफे आखताना वाफ्याची एक बाजू आखूड तर पडली नाही ना, ते आम्ही सुतळीनेच बघतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या भरल्या पाहिजेत. मी उजव्या पुढच्या चाकाच्या मधापासून मागच्या चाकाच्या मधापर्यंत सुतळी ताणली, गाठ मारली. तीच सुतळी डावीकडे लावली. गाठ मागच्या चाकाच्या मधापासून अडीच बोटं मागे पडली. पुन्हा मोजलं. पुन्हा अडीच बोटं. डावं चाक तेवढं मागे बसलं होतं. अशी गाडी कुणाच्याही हातात सरळ चालणार नाही. मी तिथेच मातीत बसले आणि चांगल्या दोन शिव्या दिल्या, कुणाला ते लिहीत नाही.

सासूबाई निवडायची मेथी घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय करून राह्यली वं?" म्हणाल्या.

"पाटा खोलते, आत्याबाई. सब्बल धराल का?"

त्यांनी मेथी बाजेवर ठेवली, पदर खोचला आणि ती लोखंडी पहार उचलली.

गाडी जॅकवर घेतली, चेसिसखाली लाकडी ओंडके लावले, चाक काढलं. यू-बोल्टच्या नटांना डिझेल पाजलं आणि पान्याच्या दांडीत पाइप घालून त्याच्यावर अक्षरशः उभी राहिले, तेव्हा ते हलले. पाट्याच्या दोन्ही टोकांच्या पिना ठोकून काढल्या. पाटा खाली आला आणि मग मला दिसलं. मधला बोल्ट मधोमध नव्हताच. त्याच्या एका बाजूला पाटा आखूड, दुसऱ्या बाजूला लांब, घडतानाच तसा घडवलेला. उजवीकडे जाऊन पाहिलं, तर तिथे आखूड बाजू पुढे होती. डाव्या पाट्याची आखूड बाजू मागे. कोणीतरी तो टोकाटोकाने फिरवून, उलटा बसवला होता.

"पाटेवाला आंधळा होता का?" मी म्हणाले.

सासूबाई सब्बल धरून उभ्या होत्या. तशाच उभ्याने म्हणाल्या, "त्यानं नाही केलं. यायनंच सांगतलं त्याले. एकीकून घासला म्हने पाटा, फिरवून लाव, म्हंजे दुसरी बाजू घासंन. वखराची पास नाही का फिरवत आपन, तसंच. तो मिस्त्री म्हने, नाही काका, असं चालत नाही. पन यायचं तुले माहीत हाय."

वखराची पास, म्हणजे माती कापणारं ते लोखंडी पातं, एका बाजूने झिजलं की सासरे फिरवून बसवतात. पासेला पुढचं-मागचं काही नसतं. पाट्याला असतं.

मी म्हणाले, "तुम्हाले सगळं मालूम होतं?"

"तिथंच बसली होती न मी. डोळ्याचं औषध हातात घेऊन."

"मंग सांगतलं काहून नाही? इतके दिवस माह्या नावानं खडे फोडून राह्यले सगळे."

"मले कोनं इचारलं?" त्या म्हणाल्या.

मला त्यांचा भयंकर राग आला. या घरात एवढी वर्षं कोणी विचारलं नाही म्हणून त्या बोलल्या नाहीत, हे समजत होतं. समजून राग काही कमी झाला नाही. पण सब्बल त्यांनीच धरली होती, आणि त्यांच्याशिवाय पाटा वर जाणार नव्हता. मी पाटा फिरवला. सासूबाईंनी सब्बलीने धुरा पुढे रेटला, बोल्टाचं डोकं धुऱ्याच्या भोकात बसलं, मी नट आवळले. चारच्या सुमारास सुतळी पुन्हा लावली. दोन्हीकडे गाठ बरोबर बसली. मी गाडी इंझोरीच्या रस्त्यावर नेली, सरळ पट्ट्यात हात नुसते टेकवून ठेवले. कुठेही ओढली नाही.

सोमवारी ड्रायव्हर बाजारातून परत आला आणि ओसरीवर म्हणाला, "काका, गाडी एकदम सरळ चालून राह्यली. मी तं काही केलं नाही."

सासरे म्हणाले, "जुनं लोखंड हाय. दोन-चार दिवस चाललं का आपोआप बसते."

आपोआप. माझ्या तळहाताला फोड आले होते. मी पुढे झाले आणि सांगितलं की शनिवारी आम्ही दोघींनी पाटा काढून सुलटा केला. चौघे सोबती हसले. एक म्हणाला, "तुमी दोघी बाया पाटा काढान?" सासरेही हसले. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्या जमिनीकडे पाहत होत्या.

मी त्या दिवशी जेवले नाही. रागाने माणूस उपाशी राहतो असं लोक सांगतात ते मला नाटक वाटायचं. पुढच्या शनिवारी सकाळी, चौघे ओसरीवर येऊन बसले आणि सासरेही बसले, तेव्हा मी गाडी त्यांच्या डोळ्यांसमोर अंगणात आणली, जॅक लावला आणि नट सोडायला घेतले. सासरे म्हणाले, "काय करून राह्यली?" मी म्हणाले, "पाटा होता तसा लावून देते, मामाजी." सासूबाई बोलावल्याशिवाय आल्या आणि सब्बल घेऊन उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत पाच माणसांनी दोन बायांना पाटा काढताना पाहिलं. कोणी हसलं नाही. मधला बोल्ट मध्ये नाही हे मी त्यांना बोट लावून दाखवलं, आणि पाटा उलटा बसवला.

मग मी चावी सासऱ्यांना दिली. "रस्त्यावर नका नेऊ. मागच्या मोकळ्या वावरात चालवा, अन् जोरात ब्रेक मारून पाहा. तुमचा हात पक्का हाय."

चार सोबत्यांसमोर त्यांना नाही म्हणता येईना. ते बसले, वावराच्या मधून सरळ निघाले, ब्रेक मारला, आणि गाडी डावीकडे सरकून शेणखताच्या ढिगात अर्धं चाक घालून थांबली. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

ते गाडी मागे घेऊन अंगणात आले, उतरले. "सुलटा करून दे," म्हणाले.

"उलटा कोनं केला होता, ते सांगा अगोदर."

त्यांनी चौघांकडे पाहिलं. मग सासूबाई म्हणाल्या, आवाज अजिबात न चढवता, "तुमी सांगता, का मी सांगू?"

सासऱ्यांनी टायरकडे पाहिलं. "मीच फिरवून लावाले सांगतला होता. मिस्त्री नाही म्हनत होता." मग तिथेच पाहत, "सूनबाईचा हात चांगला हाय."

इतके दिवस मी ह्याच वाक्याची वाट पाहिली होती. ते ऐकून हलकं वाटायला हवं होतं. पण मला एक गोष्ट विचारायची राहिली होती. "वढते हे तुम्हाले कधी समजलं, मामाजी?"

"मानोऱ्याहून येतानाच," ते म्हणाले.

म्हणजे पहिल्या चहाच्या वेळीसुद्धा त्यांना माहीत होतं. नालीतून गाडी ओढून काढली तेव्हाही, आणि या चौघांसमोर बाईच्या हाती गाडी दिली म्हणून चुकलं असं म्हणाले तेव्हाही. मी पाना उचलला आणि गाडीखाली गेले. संध्याकाळपर्यंत पाटा सुलटा झाला.

ड्रायव्हरला उद्यापासून यायची गरज नाही, हे सांगायला मी सासऱ्यांनाच त्याच्या घरी पाठवलं. का गरज नाही, तेही सांगून या, मी म्हणाले.