पहिली गोळी

रघदा अम्मानच्या एका लहानशा कंपनीत बंदुका बनवायची. खेळातल्या, पडद्यावरच्या. ती राहायची त्या जरका शहरातल्या शेजारणी तिच्या आईला विचारायच्या, "पोरीचं लग्न कधी?" आणि आई म्हणायची, "आधी तिच्या बंदुका होऊ देत." हे ऐकून स्थळं आणणाऱ्या बाया पायऱ्यांवरूनच परत फिरायच्या. रघदाचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

काम मात्र चेष्टेचं नव्हतं. गोळी सुटली की बंदुकीला झटका बसतो, नळी वर उचलली जाते. ती किती उचलावी, बाजूला किती ओढावी, हे रघदा ठरवायची. प्रत्येक बंदुकीचा झटका ठरलेला, त्यामुळे खेळणारा माऊस खाली ओढून तो सावरायला शिकतो. विखुरणं वेगळं. नेमाभोवती एक न दिसणारं वर्तुळ असतं आणि गोळी त्यात कुठेही पडते. पळताना झाडली तर वर्तुळ मोठं, बसून झाडली तर लहान. तिथे शिकून काही उपयोग नाही, सगळा नशिबाचा कारभार.

नवी बंदूक तयार झाली की तिचा धाकटा भाऊ मुन्झिर आधी खेळून बघायचा आणि शिव्या घालायचा.

"ताई, ही बंदूक आहे की उधळलेली शेळी? नेम धरला दारावर, गोळ्या गेल्या गच्चीवर."

"बोट दाबून धरलंस ना? पहिली दारातच गेली, बघ. उभं राहून झाडलेली पहिली गोळी मी कधी हलवत नाही. बंदूक उचलली जाते ती गोळी निघून गेल्यावर."

"म्हणजे चूक माझीच."

"नेहमीसारखी."

खऱ्या बंदुकीचंही जवळपास तसंच. रघदाने गोळीबाराच्या संथ केलेल्या चित्रफिती डोळे दुखेपर्यंत पाहिल्या होत्या.

उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीत लग्न होतं. नवरदेवाचा भाऊ कुतैबा याने आनंदाच्या भरात पिस्तूल काढलं. सरकार कितीही ओरडो, आमच्याकडे लग्नात कोणीतरी हा गाढवपणा करतोच. आवाज एकच झाला. मुन्झिर समोर खुर्चीत बसून लग्नाची मिठाई, कुनाफा, खात होता. तो खुर्चीतच गेला.

रघदा रडली नाही. शोकाचे दिवस संपेपर्यंत आलेल्या बायकांना पाणी देत राहिली, मग कामावर गेली आणि नव्या बंदुकीचा झटका बसवू लागली. साहेब म्हणाले, घरी जा. ती म्हणाली, घरी काय करू? दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं. आई हंबरडा फोडायची तेव्हा रघदा तिची पाठ चोळायची आणि भिंतीकडे बघत राहायची.

मग एके दिवशी कुतैबाच्या घराण्यातले वडीलधारे सलोख्यासाठी आले. बैठकीत कॉफी दिली गेली. हाज मिफ्लेह या म्हाताऱ्याने कप न उचलताच सांगितलं, "अबू मुन्झिर, आमचं मागणं मान्य होईपर्यंत ही कॉफी आम्हाला नको. पोराने हात वर केला होता. बंदुकीने झटका दिला आणि नळी फिरली. हा बंदुकीचा दोष, मनातलं वैर नव्हे. त्याला माफ करा."

वडिलांना अजूनही सगळे अबू मुन्झिर, म्हणजे मुन्झिरचा बाप, असंच म्हणत. त्यांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं: अपघात असेल तर माफी, मुन्झिरवर रोखली असेल तर नाही, मग ती मस्करीत का रोखलेली असेना. आणि नाही म्हटलं तर मुन्झिरचे चुलतभाऊ गप्प बसणारे नव्हते. दोन्हीकडच्या पोरांना घराबाहेर पडणं मुश्कील झालं असतं.

पाहुण्यांना थांबवून ते स्वयंपाकघरात आले. रघदा दल्ल्यात, म्हणजे कॉफीच्या चोचीवाल्या किटलीत, कॉफी ओतत होती.

"पोरी, हे तुझं काम. झटक्याने नळी अशी फिरते?"

"आवाज एकच होता ना, बाबा?"

"एकच."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. एकाच गोळीत फिरायला वेळच नसतो. गोळी निघाली तेव्हा नळी मुन्झिरकडेच होती.

"फिरते, बाबा," ती म्हणाली.

ते बाहेर गेले. थोड्या वेळाने कप उचलल्याचे आवाज आले, दुवा मागितली गेली, चपला वाजल्या. बैठक रिकामी झाली.

रघदा कप गोळा करायला गेली तेव्हा वडील तिथेच बसून होते.

"मी तरुणपणी फौजेत होतो," ते म्हणाले. "पहिली गोळी कुठे जाते ते मला ठाऊक आहे."

"मग मला विचारलंत कशाला?"

"एकट्याच्या घशाखाली ती कॉफी उतरली नसती, पोरी."

मुन्झिर गेल्यापासून पहिल्यांदाच रघदाला काहीतरी जाणवलं. तो राग होता, आणि तो कुतैबावरचा नव्हता, बापावरचा होता.