डोळ्यांचा इलाज

२००८ च्या उन्हाळ्यात, वारूळवाडीला वडिलांच्या दशक्रियेच्या सकाळी, माझा थोरला भाऊ आभार मानायला माइकपाशी गेला. चुलत्यांनी त्याला दंड धरून परत नेलं.

आमच्याकडे दशक्रियेला घाटावर श्रद्धांजलीची भाषणं होतात. शेवटी घरचं कोणीतरी आभार मानतं, बहुधा थोरला मुलगा. भावाला लोकांसमोर बोलता येत नसे. नोकरीची एक मुलाखत त्याने अर्ध्यात सोडली होती. त्याच्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा तो बैठकीतून उठून मोटारसायकलपाशी जाऊन उभा राहिला होता.

त्या वर्षाच्या सुरुवातीपासून तो दर बुधवारी पुण्याला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ लागला. तिथे डोळ्यांवर हेल्मेटसारखं यंत्र चढवत. आत संगणकाने तयार केलेली सभा दिसे. मान वळवली की बाजूच्या खुर्च्याही दिसत. डॉक्टर त्या सभेतली माणसं वाढवत, त्यांना कुजबुजायला लावत. भाऊ त्यांच्यासमोर बोले. उरलेले दिवस खऱ्या माणसांत जायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

वेड्यांच्या डॉक्टरचं नाव गावात निघू नये, असं वडिलांना वाटे. "डोळ्याचं सांगा," ते म्हणाले. "यंत्र डोळ्यालाच लावत्यात ना?" त्यांनी नारायणगावातून काळा चष्माही आणला.

गावाने ते खरं मानलं. पत्रिका द्यायला आलेले पाहुणेच त्याला सांगत, लग्नाला उन्हाचा येऊ नको. दुकानदार किराणा घरी पाठवू लागला. भाऊ घरातच राहिला. पुढे यंत्रातल्या सभेसमोर तो न अडखळता बोलू लागला, तोवर वडील गेले.

दशक्रियेच्या आदल्या दिवशी त्याने मला सांगितलं, आभार मीच मानणार.

घाटावर माणसं दाटीने बसली होती. पुकारा झाला तसा तो चष्मा न लावता उठला आणि माइकपाशी पोहोचला. चुलते मागोमाग गेले.

"ऊन लई हाये. डोळ्याचं दुखणं हाय पोराला. धाकटा बोलंल."

"काका, माझ्या डोळ्यांना काय न्हाई झालं," भाऊ म्हणाला.

माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. पुढच्या रांगेतले एक म्हातारे म्हणाले, "दुखत असून न्हाई म्हनतोय. धीराचा हाय, राव."

चुलत्यांनी त्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावर उपरणं टाकलं आणि त्याला सावलीत नेऊन बसवलं. आभार मी मानले.

पुढच्या बुधवारी तो पुण्याला गेला नाही. त्यानंतरही गेला नाही.